तो नेमकं काय म्हणाला?

मैत्रिणीने एक चित्र पाठवलं. काळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या अमेरिकी कार्यकर्त्याचा हसरा फोटो आणि मधोमध ठळक पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य: ‘कृष्णवर्णीय बायकांकडे कुणी गांभीर्याने घ्यावं एवढी बुद्धीच नसते, त्यांना गोऱ्या माणसाची जागा चोरावी लागते.’ खाली तारीख नाही, ठिकाण नाही, कुठल्या कार्यक्रमात म्हणाला तेही नाही. सप्टेंबर २०२५ चे दिवस. युटामधल्या एका विद्यापीठाच्या आवारात १० तारखेला भर कार्यक्रमात गोळी घालून कर्कची हत्या झाली होती आणि तो माणूस कसा होता, यावरून जो तो हमरीतुमरीवर आला होता. मैत्रिणीने चित्राखाली एवढंच लिहिलं होतं, ‘बघ. आणि लोक याच्यासाठी रडतायत.’ मी सवयीने मूळ बोलणं शोधायला बसले. सापडलं, ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं आणि तिला कळवलं की वाक्य अगदी असं नाहीये, तो चार बायकांची नावं घेऊन बोलत होता. पलीकडे बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘अगं, म्हणजे तू आता त्याची वकिली करणार का?’

हे वाक्य मनातून जाईना. रागाने आलेलं असतं तर सोडून दिलं असतं, पण तिच्या विचारण्यात राग कमी आणि नवल जास्त होतं.

मूळ बोलणं जुलै २०२३ मधलं आहे. त्याच्या दोन आठवडे आधी, २९ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंश लक्षात घेण्याची पद्धत मोडीत काढली होती. निकालानंतर काही नामवंत कृष्णवर्णीय बायकांनी उघडपणे सांगितलं, की या पद्धतीमुळे, म्हणजे अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनमुळेच आमच्यासाठी दार उघडलं. कर्कने आपल्या कार्यक्रमात त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. टीव्हीवरच्या जॉय रीड, मिशेल ओबामा, खासदार शीला जॅक्सन ली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन, अशी चार नावं घेतली. या कशा वर आल्या ते आम्ही तीन आठवड्यांपूर्वी म्हटलं असतं तर आम्हाला वर्णद्वेषी ठरवलं असतं, आता त्या स्वतःच सांगतायत, असं म्हणून तो जणू त्या चौघींनाच सुनावतो: एरवी तुम्हाला कुणी गांभीर्याने घ्यावं एवढी मेंदूची ताकद तुमच्याकडे नाही, त्यासाठी तुम्हाला गोऱ्या माणसाची जागा चोरावी लागली. चित्रावरच्या वाक्यात त्या चार जणी गळाल्या होत्या आणि त्यांच्या जागी सरसकट सगळ्या कृष्णवर्णीय बायका आल्या होत्या.

यात असा काय मोठा फरक पडतो, असं मैत्रिणीला वाटलं तर तिचं काही चुकलं म्हणता येणार नाही. चार नावं घेऊन केलेला अपमान चौघींपुरता राहत नाही, हे ऐकणाऱ्याला कळतंच. पण मला ते खरं वाक्य जास्त झोंबलं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा ठिकाणी शिकलेल्या चार बायका. त्यांतली एक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसते. तिच्याबद्दल एक माणूस हसत हसत सांगतो की तुझी खुर्ची चोरीची आहे. एवढं शिकून, एवढं करूनही जर ही ओळख पुसली जात नसेल, तर नुकतीच पदवी घेऊन नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीने काय समजायचं? हे सगळं त्या खऱ्या वाक्यात आहे. चित्रावरच्या वाक्यात फक्त एक आरोळी आहे. शिवाय त्या आरोळीने कर्कच्या समर्थकांची आयतीच सोय केली. ‘तो असं म्हणालाच नाही’ एवढं म्हटलं की झालं, आणि अक्षरशः पाहिलं तर ते खोटंही बोलत नव्हते. मग पुढचा सगळा वाद ‘सगळ्या’ की ‘चार’ यावर. तो खरोखर जे म्हणाला त्याचा जाब कुणी विचारायचा, ते राहूनच जातं.

गंमत म्हणजे त्याच दिवसांत त्याचं दुसरं एक वाक्य फिरत होतं, आणि त्यात कुणी काही घालायची गरजच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तो म्हणाला होता, की कृष्णवर्णीय वैमानिक दिसला तर माझ्या मनात येणार, बाबा रे, हा लायक असू दे. तेव्हा संदर्भ होता युनायटेड एअरलाइन्सचा. या कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं, की २०३० पर्यंत आपल्या अकादमीत ५,००० वैमानिक घडवायचे आणि त्यांतले निदान निम्मे स्त्रिया किंवा गोरेतर असावेत. समर्थक म्हणतात, त्याचा रोख धोरणावर होता, माणसांवर नव्हता. बोलणं पूर्ण ऐकलं तर धोरणाचा विषय निघालेला आहे, हे खरंच. पण धोरण कॉकपिटमध्ये बसत नाही, माणूस बसतो. अमेरिकेत प्रवासी विमान चालवायला साधारणपणे १,५०० तासांचं उड्डाण आणि संघराज्याच्या परीक्षा लागतात, आणि वर्ण बघून त्यातून कुणाचीही सुटका होत नाही. म्हणजे अकादमीत प्रवेश कसा मिळाला हा एक प्रश्न, आणि समोरच्या वैमानिकाला विमान चालवता येतं की नाही हा दुसरा. त्या वाक्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या कातडीवर शोधलेलं आहे. इथे पडताळणीने त्याच्या बाजूने काहीच निघालं नाही, आणि संदर्भ जोडल्यावर तर ते वाक्य आणखी स्पष्ट झालं.

आणि तरी चित्र फिरलं ते पहिल्या वाक्याचंच. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या स्तंभलेखिका कॅरेन अतिया यांनी ते ‘कृष्णवर्णीय बायकांकडे’ असं सुरू होणाऱ्या रूपातच आपल्या पोस्टमध्ये टाकलं. काही दिवसांत त्यांची नोकरी गेली. हत्येनंतरच्या आपल्या पोस्टींमुळे आपल्याला काढलं, असं त्यांनी स्वतः लिहिलं. त्यांच्यावर अन्याय झाला असंच माझं मत आहे. वर्णाबद्दल लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय बाईची जागा जावी, तीही नेमक्या ‘जागा चोरली’ म्हणणाऱ्या वाक्याच्या पायात, यातला कडवटपणा कुणाच्याही लक्षात येईल. पण खरं वाक्य हाताशी असताना त्यांनी ते का नाही वापरलं, ही हळहळही मनातून जात नाही. दोन्ही वाटणं एकाच वेळी आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही.

राग आलेला असताना मूळ शोधायला बसणं हे तसं नकोसंच काम आहे.

हेडफोन कानात, पडद्यावर पट्टी मागे ओढायची, क्लिप जिथून सुरू होते त्याच्या मिनिटभर आधीपासून ऐकायचं. आधी विषय काय होता, कुणी हसलं का, हा स्वतःचं बोलतोय की दुसऱ्याची नक्कल करतोय, वाक्य पुरं झालं की मध्येच तोडलं. यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर भरवसा ठेवून चालत नाही. तो एखादा नकार बिनदिक्कत गिळतो आणि वाक्य उलटं होतं. आणि बोलणारा माणूस किळसवाणा वाटत असला तरी त्याचा श्वास, त्याचे अडखळे, शब्द शोधताना घेतलेला वेळ, सगळं कानाशी येऊन बसतं. नुसत्या छापील वाक्यावर तिरस्कार करणं सोपं. आवाज ऐकला की समोर माणूस उभा राहतो आणि तिरस्कार जरा गढूळ होतो. असं होऊ नये असं मला कितीदा वाटतं!

अ‍ॅल कॅम्पॅनिसचं बोलणं ऐकताना हे फार जाणवतं. ६ एप्रिल १९८७. जॅकी रॉबिन्सनने बेसबॉलच्या मुख्य लीगमधली रंगभिंत मोडली त्याला ४० वर्षं होत होती, म्हणून एबीसीच्या ‘नाइटलाइन’ने लॉस एंजेलिस डॉजर्सचे जनरल मॅनेजर कॅम्पॅनिस यांना बोलावलं होतं. ते ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये मॅच संपल्यावर कॅमेऱ्यासमोर बसलेले, आणि प्रश्न विचारणारा टेड कॉपल लांब स्टुडिओत. कॉपलने साधा प्रश्न टाकला: मैदानावर इतके कृष्णवर्णीय खेळाडू, मग मॅनेजर, जनरल मॅनेजर, मालक यांत एकही का नाही? अजूनही पूर्वग्रह आहे का? कॅम्पॅनिस म्हणाले, पूर्वग्रह नाही हो, मॅनेजर किंवा जनरल मॅनेजर व्हायला जे काही लागतं त्यातलं काही कदाचित त्यांच्याकडे नसेल. कॉपलने विचारलं, तुम्हाला खरंच असं वाटतं? सावरायला दिलेली ती संधी होती. ते आणखी खोलात गेले: खेळाची सूत्रं हलवणारे कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक किती आहेत, पिचर किती आहेत? हा कचरा वाटतो, माफ करा, असं कॉपलला म्हणावं लागलं. मग स्वारी पोहण्याकडे वळली: कृष्णवर्णीय चांगले पोहणारे का नसतात, तर त्यांच्या अंगाला तरंगण्याचा गुण नाही. दोन दिवसांत त्यांचं पद गेलं.

इथे पडताळायचं काही उरतच नाही. सगळं थेट प्रक्षेपणात, त्यांच्याच तोंडून. उरतो तो दुसराच पेच. हाच कॅम्पॅनिस १९४६ मध्ये माँट्रियलच्या संघात रॉबिन्सनचा जोडीदार होता, सेकंड बेसवर पाय कसे वळवायचे ते त्याला शिकवणारा. त्याच्यासोबत काम केलेल्या अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी नंतर सांगितलं, की हा माणूस द्वेष करणाऱ्यांतला नव्हता. आणि रॉबिन्सन? ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सीरिजच्या वेळी झालेल्या सत्कारात तो म्हणाला होता, की कधीतरी मैदानाच्या कडेला एखादा काळा चेहरा मॅनेजर म्हणून उभा असलेला बघायचाय. त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला. पंधरा वर्षांनी त्याच्याच नावाच्या कार्यक्रमात त्याच्या जुन्या सोबत्याने ही मुक्ताफळं उधळली. द्वेष नसतानाही अमक्या जागेवर अमका शोभत नाही हे इतकं सहज वाटू शकतं, हे मला कुठल्याही शिवीपेक्षा भयंकर वाटतं. ‘कॅम्पॅनिस वर्णद्वेषी होता’ असं लिहिलेल्या चित्रात हे कुठून येणार?

असाच स्वच्छ, निर्विवाद नमुना रेगन यांचे मंत्री जेम्स वॉट यांचा. सप्टेंबर १९८३ मध्ये कोळशाच्या भाडेपट्ट्यांसाठी नेमलेल्या समितीची तारीफ करताना ते म्हणाले, माझ्याकडे एक कृष्णवर्णीय आहे, एक बाई आहे, दोन ज्यू आहेत आणि एक पांगळा. वर ‘आणि आमच्याकडे गुणवत्ताही आहे’ हे शेपूट. त्यातला ‘आणि’ तेवढा पाहावा. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. आणि ट्रम्प यांचे ‘ब्लॅक जॉब्ज’ तर कालपरवाचे. जून २०२४ च्या वादसभेत ते म्हणाले, की स्थलांतरित लोक ब्लॅक जॉब्ज पळवतायत. महिनाभराने शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या परिषदेत रेचल स्कॉटने विचारलं, ब्लॅक जॉब म्हणजे नेमकं काय हो? उत्तर आलं, नोकरी असलेला कुणीही. ज्याचा त्याने अर्थ लावावा.

पण जेम्स वॉटसनचं प्रकरण वेगळं. डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालेला हा माणूस ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये म्हणतो, की आफ्रिकेच्या भवितव्याबद्दल मी मुळातच निराश आहे, आपली सगळी धोरणं त्यांची बुद्धी आपल्याइतकीच आहे असं धरून चालतात, चाचण्या तसं सांगत नाहीत. पुढे, सगळे समान असावेत असं मलाही वाटतं, पण ‘कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांशी ज्यांना काम पडतं त्यांना हे खरं नाही असं दिसतं.’ गदारोळ उठला तेव्हा त्यांनी माफी मागितली आणि वर म्हणाले, मी असं कसं बोललो असेन, मलाच समजत नाही. वाचताना वाटतं, बिचारा म्हातारा, पत्रकाराने काहीतरी घोळ केला असेल. कोल्ड स्प्रिंग हार्बर या त्यांच्या प्रयोगशाळेने त्यांना दूर केलं, ते निवृत्त झाले, आणि ती शंका वर्षानुवर्षं त्यांच्या बाजूने लोंबकळत राहिली. ती त्यांनीच मिटवली. जानेवारी २०१९ मध्ये दाखवल्या गेलेल्या एका माहितीपटात त्यांना विचारलं, तुमचं मत बदललं का? नाही, अजिबात नाही. मग प्रयोगशाळेने उरलेली मानद पदंही काढून घेतली.

वॉटसन म्हणाले की नाही, याचा निकाल लागला. पण त्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य आहे, ‘ज्यांना काम पडतं त्यांना दिसतं’, आणि त्याचा निकाल कुठल्याच टेपने लागायचा नाही. ही माणसं कोण? किती? कुठल्या कचेरीतली? नाव नाही, गाव नाही. ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये हीच युक्ती वापरली होती. आपल्या मतदारसंघातला एक साधासुधा कष्टकरी मला म्हणाला, म्हणे, की पंधरा-वीस वर्षांत या देशात काळ्या माणसाच्या हातात चाबूक असेल. भाषण होतं नोकरी आणि घर देताना वर्ण पाहण्याला बंदी घालू पाहणाऱ्या विधेयकाच्या विरोधात. त्यात एका म्हाताऱ्या बाईची करुण कहाणीही होती. पत्रकारांनी तेव्हा तिला खूप शोधलं, ती सापडली नाही. आणि ज्या ‘रक्ताच्या नद्या’ या नावाने ते भाषण आजवर ओळखलं जातं ते शब्द भाषणात नाहीतच. त्यांनी व्हर्जिलमधली, रक्ताने फेसाळणाऱ्या टायबर नदीची ओळ उद्धृत केली होती. म्हणजे अख्खं भाषण इतरांच्या तोंडचं: कष्टकऱ्याच्या, म्हातारीच्या, रोमन कवीच्या. नोकरी आणि वर्ण हा विषय निघाला की बडी माणसं अशी हटकून दुसऱ्याच्या तोंडाने बोलू लागतात, हे माझ्या वाचनात फार वेळा आलंय. जबाबदारी त्या बिननावाच्या माणसावर, टाळ्या आपल्याला.

खरं तर कर्मचारी आणि वर्ण याबद्दल तपासता येण्यासारखं पुष्कळ आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लायनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव एकाच तोलाचे. नावं मात्र काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी, तर काहींवर लकीशा, जमाल अशी. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले: गोऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या नावाला पंधरांमागे एक. वॉटसनच्या त्या ‘ज्यांना काम पडतं’ अशा माणसांनी लकीशाचं काम पाहिलेलंच नाही. त्यांनी फक्त तिचं नाव वाचलं.

पडताळणीच्या कथांमध्ये मला सगळ्यात चमत्कारिक वाटते ती अर्ल बट्झची. ऑगस्ट १९७६, रिपब्लिकन अधिवेशन आटोपून निघालेलं एक विमान. गायक पॅट बून सहज विचारतो, लिंकनच्या पक्षाला कृष्णवर्णीयांची मतं का मिळत नाहीत? एक मंत्रिमहोदय उत्तरादाखल एक घाणेरडा विनोद सांगतात: या लोकांना आयुष्यात फक्त तीन गोष्टी हव्या असतात, आणि त्या तीन गोष्टी. विमानात वॉटरगेट प्रकरणात गाजलेले जॉन डीन होते, आणि ते ‘रोलिंग स्टोन’साठी लिहीत होते. त्यांनी विनोद छापला, नाव मात्र गाळलं. मग ‘न्यू टाइम्स’ नियतकालिकाने काय करावं? सगळ्या मंत्र्यांच्या प्रवासाची वेळापत्रकं तपासली आणि त्या विमानात कोण असू शकतो ते शोधून काढलं. कृषिमंत्री बट्झ. ४ ऑक्टोबरला त्यांचा राजीनामा.

खरी मजा पुढेच आहे. मंत्री गेला, पण तो काय म्हणाला म्हणून गेला हे बहुतेक अमेरिकेला वाचायलाच मिळालं नाही. शब्द इतके अश्लील की बहुतेक वर्तमानपत्रांनी ‘अपमानकारक उद्गार’ एवढ्यावर भागवलं. शब्दशः छापणारी दोनच निघाली. टेक्सासमधल्या लबकच्या वर्तमानपत्राने जाहीर केलं, की मूळ मजकूर आमच्या कचेरीत ठेवला आहे, ज्याला हवा त्याने येऊन वाचावा. दोनशेहून जास्त लोक येऊन वाचून गेले. सॅन डिएगोच्या एका वर्तमानपत्राने मागेल त्याला टपालाने प्रत पाठवतो म्हटलं, तर तीन हजारांवर मागण्या आल्या. त्या रांगेतली माणसं कशी असतील, हा विचार करायला मला फार आवडतं. काही नुसती आंबटशौकी असणार, उघड आहे. पण एखादा तरी असा असेलच, जो म्हणाला असेल की माणसाचं मंत्रिपद गेलं, तर मला ते वाक्य स्वतः वाचायचंय. तुमच्या ‘अपमानकारक’वर मी माझं मत बनवणार नाही. तो माझा माणूस.

लिंकनच्या पक्षाचा विषय निघालाच आहे म्हणून. १९९२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात रोनाल्ड रेगन यांनी लिंकनची म्हणून काही वचनं ऐकवली: बलवानाला दुबळं करून दुबळ्याला बळ देता येत नाही, पगार देणाऱ्याला खाली ओढून पगार घेणाऱ्याला वर उचलता येत नाही. टाळ्यांचा कडकडाट. ही वचनं विल्यम बोएटकर नावाच्या एका पाद्र्याची, लिंकनच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी आलेली. १९४२ मधल्या एका पत्रकावर एका बाजूला लिंकनचं वचन होतं आणि दुसऱ्या बाजूला बोएटकरची; पान उलटता उलटता सगळंच लिंकनचं होऊन गेलं. याउलट १८ सप्टेंबर १८५८ ला इलिनॉयमधल्या चार्ल्सटन गावी प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लसबरोबरच्या वादात लिंकन म्हणाले, की कृष्णवर्णीयांना मतदार किंवा ज्युरर करण्याच्या, सरकारी पदं धारण करायला पात्र ठरवण्याच्या बाजूचा मी नाही आणि कधी नव्हतो. हे वाक्य कुणाला दाखवावं तर चटकन उत्तर येतं, छे, हे बनावट असणार. ते अस्सल आहे. त्या वादसभांना दोन्ही पक्षांच्या वर्तमानपत्रांचे लघुलेखक हजर असत. आपल्या माणसाचं बोलणं नीटनेटकं करून छापत आणि विरोधकाचं जसंच्या तसं, अडखळ्यांसकट. लिंकननी पुढे ही कात्रणं एका वहीत चिकटवली, स्वतःची भाषणं आपल्या बाजूच्या वर्तमानपत्रातून आणि डग्लसची डग्लसच्या बाजूच्या वर्तमानपत्रातून घेऊन, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. १८६० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. चार्ल्सटनचं ते वाक्य त्यात आहे. नको असलेलं वाक्य स्वतःच्या संग्रहातून वगळणं त्यांना अशक्य नव्हतं. अर्थात त्या काळी त्याने मतं जात नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. गुलामी उठवणारा माणूस आणि हे वाक्य, दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवणं जड जातं. बोएटकरला लिंकन करणं त्यामानाने किती सोपं!

मैत्रिणीला मी शेवटी एवढंच लिहिलं, की वकिली त्याची नाही, त्या चौघींची करतेय. त्यांना कोण काय म्हणालं ते नीट नोंदलं जावं. तिने अंगठा दाखवला. पटलं की विषय संपवला, देव जाणे. आणि खरं सांगायचं तर ‘अचूक शब्द, अचूक शब्द’ हा माझा जप शर्ली शेरॉडच्या गोष्टीपाशी येऊन अडतो.

कारण शेरॉडच्या तोंडी कुणी एक शब्दही घातला नव्हता. जॉर्जियात अमेरिकी कृषी खात्याच्या ग्रामीण विकासाच्या प्रमुख असलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी मार्च २०१० मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यक्रमात भाषण केलं. १९ जुलैला उजव्या विचारांच्या अँड्र्यू ब्राइटबार्ट यांनी त्यातली जेमतेम अडीच मिनिटं आपल्या संकेतस्थळावर टाकली. तिच्यात त्या सांगतायत: चोवीस वर्षांपूर्वी एक गोरा शेतकरी मदत मागायला आला, मी त्याला पूर्ण ताकदीने मदत केली नाही, त्याच्याच रंगाच्या वकिलाकडे नेऊन सोडलं. झालं. सरकारी अधिकारीण गोऱ्यांशी भेदभाव करते! त्या गाडी चालवत होत्या. खात्याचे फोनवर फोन. शेवटी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन ब्लॅकबेरीवरून राजीनामा पाठवायला लावला. एनएएसीपीनेही त्याच रात्री निषेधाचं पत्रक काढलं.

संपूर्ण भाषण ४३ मिनिटांचं आहे आणि मला ते मिनिटामिनिटाने माहीत आहे. सुरुवातीला त्या वडिलांबद्दल बोलतात. १९६५ मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने त्यांना गोळी घालून मारलं, आणि सगळेच गोरे असलेल्या ज्युरीने त्याच्यावर खटलाही उभा राहू दिला नाही. दक्षिण सोडून निघून जायचं ठरवलेली ती मुलगी त्या रात्री तिथेच राहून काम करायचं ठरवते. हे ऐकल्यावर तो गोरा शेतकरी समोर येऊन बसतो, तेव्हा तिचा हात का आखडला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि मग गोष्ट वळते. तो वकील काहीच करत नाही, शेतीचा लिलाव तोंडावर येतो, आणि बाईंना उमगतं की हे काळ्या-गोऱ्याचं नाही, ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचं आहे. त्या जीव तोडून त्याची शेती वाचवतात. तो शेतकरी आणि त्याची बायको २०१० मध्ये जिवंत होते. दोघांनी पुढे येऊन सांगितलं, आमची शेती हिनेच राखली. क्लिपच्या शेवटाला या वळणाची चाहूलही लागते. म्हणजे त्या अडीच मिनिटांचंसुद्धा शेवटचं टोक कुणी धड ऐकलं नव्हतं.

तीन दिवसांत कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांनी जाहीर माफी मागितली, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फोन केला, आणि एनएएसीपीने आपल्याला फसवलं गेलं असं सांगत पत्रक मागे घेतलं. इथे मात्र मला त्यांची कीव येत नाही. ज्या कार्यक्रमातलं ते भाषण होतं, तो त्यांच्याच संघटनेचा होता. चित्रफीत त्यांच्याच मंडळींसाठी काढलेली होती. समोर बसून ते सगळं ऐकलेली, मान डोलावलेली, टाळ्या वाजवलेली माणसं त्यांच्याच शाखेची होती. त्यांतल्या एकाला जरी निषेधाचं पत्रक काढण्याआधी फोन केला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. खात्याने शेरॉडना नवं पद देऊ केलं, मोठंच होतं ते. त्यांनी ऑगस्टमध्ये विल्सॅक यांच्या शेजारी उभं राहून, हसतमुखाने, नको म्हणून सांगितलं.